दोन बोंडं

मी एक जुना काशाचा खल आहे, मित्रांनो. वजन साडेनऊ किलो, काठावर एक टवका उडालेला आणि स्वभाव जरा कुरकुरा. जन्मभर दुसऱ्यांचं कुटत बसलं की कुणाचाही स्वभाव असाच होईल. माझी गोष्ट सुखाची नाही, हे आधीच सांगून टाकतो. ज्यांना हसायची घाई आहे त्यांनी शेजारच्या चिनीमातीच्या बरण्यांशी गप्पा माराव्यात. त्यांना बोलायला फार आवडतं.

सेगेद शहरातल्या एका ओताऱ्याने मला घडवलं. तो चर्चच्या घंटा ओतायचा. एका मोठ्या घंटेचं कासं उरलं, ते वाया जाऊ नये म्हणून त्याने माझा साचा केला. त्यामुळे बत्त्याचा घाव बसला की माझा आवाज दूरवर जाई. आमच्या तिसाहोमोक गावच्या चौकात भाजी घेणाऱ्या बायका मान वर करून म्हणत, "सोनेरी गरुडात कुणाचं तरी औषध कुटतायत." सोनेरी गरुड हे आमच्या औषधालयाचं नाव. शारोशी घराण्याच्या तीन पिढ्यांनी माझ्यात ज्येष्ठमध कुटला, दालचिनी कुटली, गंधक कुटलं. औषधालयात नियम कडक असत. विषारी औषधांचा खल वेगळा, उग्र वासाच्या औषधांचा वेगळा. मी मुलांच्या खोकल्याच्या औषधाचा खल होतो आणि मला त्याचा तोरा होता.

म्हाताऱ्या शारोशी साहेबांना मुलगा नव्हता. एकच मुलगी, हर्मिना. आठ वर्षांची असताना ती स्टुलावर उभी राहून दोन्ही हातांनी बत्ता उचलायची. पुढे ती बुडापेस्टला शिकायला गेली. तेव्हा तिथल्या वर्गात मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पदवी घेऊन परत आली आणि गल्ल्यामागे उभी राहिली, तर गावाला ते काही पचेना. एक शेतकरी सुजलेला गाल धरून आला होता, तो मला अजून आठवतो.

"औषधवाले साहेब आहेत का?"

"मी आहे ना. काय होतंय?"

"तुम्ही नाही, बाई. औषध देणारे."

"औषध मीच देते."

"मग उद्या येतो," तो म्हणाला. "तसं फार काही दुखत नाही." आणि कळवळत निघून गेला. दुसऱ्या दिवशी मात्र मुकाट्याने तिच्याच हातून औषध घेऊन गेला. असं करत करत एकेक गिऱ्हाईक तिचं झालं.

बाटल्या धुवायला रोझाल नावाची मुलगी होती. मला आंघोळही तीच घालायची, राख आणि व्हिनेगर लावून, आणि घासताना माझ्याशी बोलायची. पंधराव्या वर्षी कामाला लागली आणि लग्न झाल्यावरही येत राहिली. हर्मिना शिकलेली आणि रोझालला जेमतेम सही येई, पण दोघींचं चांगलं गूळपीठ होतं.

आमच्याकडे प्रत्येक परसात खसखस असते. नाताळच्या गोड गुंडाळीत खसखस, शेवयांवर खसखस आणि साखर. दाणे झटकून घेतले की वाळकी बोंडं चुलीत जात. थोडी मात्र दोऱ्यात ओवून छताला टांगून ठेवत. ती बाळासाठी. कापणीच्या दिवसांत आईला शेतावर जावंच लागे आणि दात येणारं बाळ घरी रडून आकांत करी. मग आजी दोन बोंडं पाण्यात उकळून ते पाणी चमच्याने पाजायची. बाळ संध्याकाळपर्यंत निवांत झोपे. बोंडं दोनच. आजीला तिच्या आजीने दोन सांगितली होती.

हर्मिनाला या गोष्टीचा भयंकर राग यायचा. अफूही त्याच बोंडातून निघते, हे ती बायकांना कितीदा समजावी. बायका माना डोलवत आणि घरी जाऊन पाणी उकळायला ठेवत. रोझालची सासू तेरका आजी तर तोंडावर बोलायची.

"बाई, माझी सहा पोरं दोन बोंडांवर वाढली. धाकट्याला आता दारातून वाकून यावं लागतं, इतका वाढला."

हर्मिनाच्या डोक्यात मात्र दुसरंच काही शिजत होतं. कळ थांबवणारं औषध परदेशातून यायचं, ते महाग असायचं आणि कित्येकदा मिळायचंच नाही. इकडे घराघरांत तेच औषध पोटात असलेली बोंडं चुलीत जळत होती. वाळक्या बोंडातून ते काढता आलं तर? या वाटेने आणखीही काही जण धडपडत होते, हे तिला ठाऊक होतं.

"आधी खोकल्याच्या गोळ्या कर," शारोशी साहेब म्हणाले. "जगाची दुखणी नंतर बघ."

"दोन्ही करीन, बाबा. पण मला खल लागेल. हा मोठा."

"त्यात पोरांचं औषध कुटतात."

"मग त्यात पुन्हा पोरांचं औषध नको."

तिने माझ्या बुडाशी लाल रंगाची पट्टी ओढली. त्या दिवसापासून मी विषाचा खल झालो. मला ती बढती वाटली, मित्रांनो. किती मूर्ख होतो मी.

चार वर्षं तिने माझ्यात बोंडं कुटली. कुटायची, भिजवायची, गाळायची, आटवायची, तळाशी उरलेले पांढरे कण मोजायची. मग तिच्या लक्षात आलं की सगळी बोंडं सारखी नसतात. एखाद्या झाडाचं बोंड साधं असतं, एखाद्याचं जहाल. जहाल बोंडाचं बी ती मागच्या अंगणात पेरी, त्यातलं सर्वांत जहाल पुन्हा निवडी. चौथ्या वर्षी तिच्या बोंडांत गावच्या बोंडांच्या तिप्पट जोर आला. त्या दिवशी तिने मला चक्क मिठी मारली. बुडापेस्टच्या एका मोठ्या प्राध्यापकांना तिने सगळं लिहून पाठवलं, आणि उत्तर येईपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही असं ठरवलं. आपली चार वर्षांची मेहनत दुसऱ्याच कुणाच्या नावावर जाईल, ही तिची धास्ती. वडिलांनासुद्धा तिने अर्धंच सांगितलं.

त्याच थंडीत रोझालला मुलगा झाला. मात्याश. हर्मिना त्याची धर्ममाता झाली. आमच्या रीतीप्रमाणे धर्ममातेने बाळंतिणीला झाकलेल्या टोपलीतून जेवण न्यायचं असतं. हर्मिनाने कोंबडीचं सूप नेलं, केक नेला, आणि टोपलीच्या तळाशी एक कापडी पुरचुंडी ठेवली. तिच्या निवडक खसखशीची. रोझालच्या नवऱ्याने, आम्ब्रुशने, ती शेतात पेरावी, वाळकी बोंडं औषधालय विकत घेईल, तेवढाच संसाराला हातभार. अशाच पुरचुंड्या आणखी अकरा घरांत गेल्या. बी चांगलं आहे, एवढंच तिने सांगितलं. जहाल आहे, हे सांगितलं नाही.

तुम्ही विचाराल, तिला भीती वाटली नाही का? रोझाल रोज औषधालयात असते, ती बाळाला असलं काही पाजणार नाही, अशी तिची खात्री होती. आणि ती खात्री खरीच होती. रोझालने पाजलं नाही.

जुलै महिन्यात गव्हाच्या कापणीला रोझाल नवऱ्यामागे पेंढ्या बांधायला गेली. मात्याशला दात येत होते. तेरका आजीने नव्या पिकातली दोन बोंडं उकळली. बाळ झोपलं. दुपारी उठलं नाही, तेव्हा आजीला बरंच वाटलं. रोझाल दूध पाजायला घरी आली तेव्हा बाळ गार पडलं होतं.

डॉक्टरांनी मरणाचं कारण आचके, म्हणजे आकडी, असं लिहिलं. उन्हाळ्यात पोरं जायची, कुणाला नवल वाटलं नाही. पांढऱ्या पेटीमागून हर्मिनाही चालत गेली. परत आली ती थेट आतल्या खोलीत. तिच्या मुठीत आम्ब्रुशच्या घरी छताला टांगलेली तीन बोंडं होती.

त्यातलं एक तिने माझ्यात टाकलं. तेव्हा बत्ता तिने नीट धरलाच नव्हता. माझ्या काठावरचा टवका त्या दिवशी उडाला. कुटलं, भिजवलं, गाळलं, आटवलं, तोललं. मग दुसरं बोंड घेतलं, मग तिसरं. प्रत्येक वेळी तेच निघालं. दोन बोंडं नव्हती ती, सहा होती.

त्याच आठवड्यात बुडापेस्टहून पत्र आलं. प्राध्यापक खूश होते. बी आणि कृती घेऊन लगेच या, इथे प्रयोगशाळा मिळेल, कारखानदार भेटतील, तोवर कुठेही वाच्यता नको. याच पत्राची ती सहा महिने वाट बघत होती. ते तिने माझ्या शेजारी ठेवलं आणि तसंच राहू दिलं.

दोन आठवड्यांनी रोझाल कामावर परतली. बाटल्या धुवायला बसली, पण एकच बाटली धूत राहिली. हर्मिना तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"रोझाल, ते आचके नव्हते."

"ठाऊक आहे मला," रोझाल वर न बघता म्हणाली. "सासूबाईंनी पाणी पाजलं. मी नको म्हणून सांगितलं होतं. पण दोनच बोंडं होती, नेहमीची."

"नेहमीची नव्हती. मी दिलेल्या बियांची होती. त्यांत तिप्पट जोर होता."

रोझालने बाटली खाली ठेवली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"तुला बी दिलं त्याच्या आधीपासून."

"मग सांगितलं का नाही, बाई? मी काय गावभर केलं असतं?"

"बुडापेस्टहून पत्र येईपर्यंत कुणाला कळू नये, असं वाटलं मला."

"आलं का मग?"

"आलं."

रोझालने हात पुसले. मग म्हणाली, "एक करा. सासूबाईंना कळू देऊ नका. त्या रोज त्याचा पाळणा पुसतात. आचके आले म्हणतात आणि रडतात. तेवढं त्यांना राहू दे."

"तेच बी अकरा घरांत आहे, रोझाल. त्यांनी बहिणींना दिलं, शेजाऱ्यांना दिलं. आता कुठे कुठे गेलंय, मला माहीत नाही. कापणी संपलेली नाही अजून."

रोझाल एप्रन सोडून, खिळ्याला अडकवून निघून गेली.

हर्मिना दिवसभर माझ्या काठावर हात ठेवून बसली होती. एका बाजूला अकरा घरांतली आणि कुठल्या कुठल्या घरांतली लेकरं. दुसऱ्या बाजूला एक म्हातारी, जिला कळणार होतं की नातवाला आपण आपल्याच हाताने मारलं. आणि मध्ये ते पत्र. शारोशी साहेब आत आले. तोवर तिने त्यांना सगळं सांगितलं होतं, गावात दवंडी पिटायचा विचारही.

"घरोघरी गुपचूप जाऊन ये," ते म्हणाले. "दवंडी कशाला? आपलं नाव जाईल."

"बाबा, एखादं घर राहिलं तर?"

म्हाताऱ्याने स्वतःच जाऊन तिला टोपी आणून दिली.

आमच्या गावात सरकारी हुकूम असो की हरवलेली गाय, लाझार दवंडीवाला गळ्यात ढोल अडकवून चौकाचौकात सांगायचा. हर्मिनाने त्याला मजकूर लिहून दिला. तो औषधालयातच उभा राहून अडखळत वाचू लागला आणि शेवटच्या ओळीपाशी थांबला.

"बाई, हे शेवटचं गाळू का? लोक तुमच्याकडचं औषध घ्यायचे बंद होतील."

"गाळू नका. बाकी चुकलं तरी चालेल, पण तेवढं नीट वाचा."

मग चौकात ढोल वाजला. "ऐका हो, ऐका. सोनेरी गरुड औषधालयाच्या हर्मिना शारोशी कळवतात, की त्यांनी दिलेल्या खसखशीची बोंडं नेहमीपेक्षा तिप्पट जहाल आहेत. लेकरांना त्यांचं पाणी पाजू नका. होती नव्हती ती बोंडं औषधालयात आणून द्या. ज्यांनी नकळत पाजलं त्यांचा दोष नाही. दोष बी देणारीचा आहे."

दोन दिवस लोक पोती आणून टाकत होते. कुणी पोतं टाकून पाठ फिरवली, कुणी थुंकून गेलं. तिसऱ्या दिवशी तेरका आजी आली. एप्रनच्या ओच्यात बोंडं होती, ती तिने गल्ल्यावर ओतली.

"दोनच घातली होती, बाई," ती म्हणाली. "तिसरं नव्हतं."

"मला ठाऊक आहे, आजी. दोष माझा आहे."

"तुमचा तुम्ही घ्या. माझा मला राहील. चमचा माझ्या हातात होता." तिने बोंडं पुढे सरकवली. "पहिला घोट थुंकला त्यानं. मी पुन्हा भरला."

हर्मिना गल्ल्यामागून बाहेर आली, पण म्हातारीने हात वर करून तिला तिथेच थांबवलं. रिकामा ओचा झटकला आणि निघून गेली. रोझालने त्यानंतर औषधालयाची पायरी चढली नाही. चर्चमध्ये दोघी समोरासमोर आल्या की ती बाक बदलायची.

सगळी बोंडं अंगणात जाळली. निवडलेलं बीही हर्मिनाने जाळलं. बुडापेस्टला काय लिहिलं ते मला माहीत नाही, पण तिकडून पुन्हा पत्र आलं नाही. पुढच्या वर्षी युद्ध सुरू झालं. ज्या चर्चसाठी माझी थोरली बहीण, म्हणजे ती मोठी घंटा, ओतली गेली होती, तिथून तिला तोफांसाठी उतरवून नेलं. मला औषधालयाचं अवजार म्हणून सोडून दिलं. जखमी परत येऊ लागले, कळ थांबवायला औषध नव्हतं, आणि हर्मिना मला पुन्हा पुढ्यात ओढून बसली. यावेळी औषध काढायच्या आधी ती दुसऱ्याच गोष्टीच्या मागे लागली. कुठल्याही खेड्यातल्या औषधवाल्याला एका दिवसात कळावं की हातातल्या बोंडात जोर किती आहे, अशी सोपी रीत तिला हवी होती. त्यात नऊ वर्षं गेली. पुढे दुसऱ्यांनी कारखाने काढले, नावं त्यांची झाली. पण त्या कारखान्यांत बोंडं मोजायची ती हर्मिनाच्या रीतीने. तिला मानपत्र मिळालं. तिने ते माझ्याखाली घातलं, टेबलावर ओरखडे पडू नयेत म्हणून.

मात्याश गेल्यानंतर तेवीस वर्षांनी रोझाल दारात उभी राहिली. केस पांढरे झालेले. हातात डॉक्टरांची चिठ्ठी.

"सासूबाईंच्या पोटात गाठ आहे," ती म्हणाली. "दिवसरात्र ओरडतात."

हर्मिनाने चिठ्ठी वाचली, बाटली भरली, तिच्यावर औषधाच्या नावाचा कागद चिकटवला.

"हे बोंडांचंच ना?" रोझालने विचारलं.

"बोंडांचंच. पण मोजलेलं."

"किती द्यायचं?"

"दहा थेंब."

रोझालने बाटली उचलली आणि परत गल्ल्यावर ठेवली. "मी नाही देणार. त्या दिवसापासून आमच्या घरात कुणी कुणाला चमच्यानं भरवलेलं नाही, बाई. तुम्ही या आणि द्या."

हर्मिना तशीच निघाली. घरी तेरका आजीने तिला पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. कळ येत होती, अंग वाकडं होत होतं, पण तोंड उघडेना. शेवटी म्हणाली, "मोजा. मोठ्यानं मोजा, मला ऐकू येईल असं." हर्मिनाने एक, दोन, तीन म्हणत दहा थेंब मोजले. मग म्हातारीने तोंड उघडलं. अकरा दिवस हर्मिना सकाळ-संध्याकाळ जात होती आणि मोठ्याने मोजत होती. हे सगळं तिने मलाच सांगितलं. तोवर शारोशी साहेब गेले होते आणि तिचं ऐकायला माझ्याशिवाय दुसरं कोण होतं?

बाराव्या दिवशी रोझाल रिकामी बाटली घेऊन आली.

"शेवटी कळ नव्हती त्यांना," ती म्हणाली. "झोपेत गेल्या." दारापर्यंत जाऊन ती वळली. "माफ केलं का, असं मला विचारू नका, बाई."

"नाही विचारणार."

हर्मिनाने कधीच विचारलं नाही. त्यानंतर सहा वर्षांनी तीही गेली.

आता मी एका संग्रहालयात काचेमागे आहे, मित्रांनो. समोर पाटी आहे: 'काशाचा खल. थोर औषधनिर्मात्या हर्मिना शारोशी यांनी संशोधनासाठी वापरलेला.' शाळेची मुलं येतात, बाई पाटी वाचतात, मुलं वहीत उतरवून घेतात आणि पुढच्या पेटीकडे जातात. पाटीवर खोटं काही नाही. ती थोर होतीच. पण जे तिला ठाऊक होतं ते तिने सहा महिने कुलपात ठेवलं, शाबासकीची वाट बघत, आणि उरलेला सगळा जन्म ते मोठ्याने मोजून सांगण्यात घालवला. तुम्हीही कधी काही शोधाल, काही शिकाल. त्यातलं जे दुसऱ्याच्या जिवाशी जोडलेलं असेल ते आधी सांगून टाका. नाव मिळायचं असेल तर नंतरही मिळतं.

आणि माझ्यासमोर उभे राहिलात तर पाटीवर नसलेलं एक नाव तेवढं मनात म्हणा. मात्याश. साडेपाच महिन्यांचा होता. खालचे दोन दात नुकतेच आले होते.